डोळ्यांचं इंग्रजी कानात कसं उतरवायचं: लिसनिंगच्या परीक्षेची तयारी

बारावीला इंग्रजीत मला ऐंशीच्या वर मार्क होते. फर्स्ट इयरला पहिली लिसनिंग टेस्ट झाली, तिच्यात २० पैकी ६. घरी मी कारणं सांगितली: एप्रिलचा उकाडा, डोक्यावर खडखडणारा पंखा, वर्गात एकच फाटक्या आवाजाचा स्पीकर आणि मी शेवटच्या बाकावर. सगळी खरी होती. पण दोन दिवसांनी सरांनी त्याच ऑडिओचा छापील उतारा हातात दिला आणि तो वाचून तेच प्रश्न सोडवायला सांगितले. १८ बरोबर आले. म्हणजे शब्द सगळे ओळखीचेच होते, फक्त ते आधी कधी कानावर पडले नव्हते.

आता याच्या उलट गोष्ट. मी वाढले सोलापूरच्या पूर्व भागात, घराघरांत यंत्रमाग चालणाऱ्या बोळात. शेजारच्या आजी तेलुगूशिवाय बोलायच्या नाहीत. "पापा, तिन्नावा?" म्हणजे जेवलीस का, हे मला कोणी शिकवलं नाही. मागाच्या खटखटीतून त्यांची हाक ओळखू यायची, रागावल्यात की लाडात आल्यात तेही कळायचं. आजही तेलुगूचं एक अक्षर मला वाचता येत नाही. भाजीबाजारात कन्नड कळतं, रिक्षावाल्याशी दखनी चालते. सोलापुरातल्या निम्म्या घरांत हे असंच असतं. कानाने भाषा कशी उचलायची हे आपल्याला येतं. इंग्रजी मात्र आपण फळ्यावरून आणि गाइडातून शिकलो, म्हणून ती डोळ्यांत राहिली. तिला कानात उतरवायचं, एवढंच काम आहे. रोज अर्धा तास दिलात तर सहा-आठ आठवड्यांत फरक दिसतो.

आधी परीक्षा कोणती ते बघा

हे काम दहा मिनिटांचं आहे, पण निम्मी मुलं तेवढंही करत नाहीत. कॉलेजची अंतर्गत टेस्ट असेल तर सरांना तीन गोष्टी विचारा: ऑडिओ एकदा लावणार की दोनदा, प्रश्न आधी वाचायला मिळणार का, आणि हेडफोन की स्पीकर. या तिन्हींवर तयारी बदलते.

बाहेरची परीक्षा देणार असाल तर तिचा साचा पाठ हवा. परदेशी शिकायला जाणारे देतात त्या आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या लिसनिंगमध्ये ४ भाग, ४० प्रश्न, साधारण ३० मिनिटं, आणि ऑडिओ एकदाच. पहिल्या भागात दोघांचं रोजच्या व्यवहारातलं संभाषण असतं, दुसऱ्यात एकच माणूस एखाद्या जागेची किंवा सोयीची माहिती देतो, तिसऱ्यात विद्यार्थी आणि शिक्षक अभ्यासाबद्दल बोलतात, चौथ्यात सरळ लेक्चर. कागदावर परीक्षा असेल तर शेवटी उत्तरं उतरवायला १० मिनिटं मिळतात. कॉम्प्युटरवर असेल तर फक्त तपासायला २ मिनिटं. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. ४० पैकी ३० च्या आसपास बरोबर आले तर साधारण ७ बँड, म्हणजे ९ पैकी ७, मिळतो. हा आकडा मी मुद्दाम सांगतेय: दहा प्रश्न हुकूनही चांगला बँड येतो. एक प्रश्न हुकला म्हणून तिथेच डोकं धरून बसायचं नसतं.

केंब्रिजच्या बी-टू फर्स्ट या इंग्रजीच्या परीक्षेत ४ भाग, ३० प्रश्न, ४० मिनिटांच्या आसपास वेळ, आणि प्रत्येक ऑडिओ दोनदा ऐकवतात. दोनदा ऐकवतात म्हणून ती सोपी, असं समजू नका. तिथले पर्याय जास्त चिकट असतात.

कान नेमका कुठे अडतो

मराठी बोलताना आपण प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. इंग्रजी बोलणारा तसं करत नाही. तो वाक्यातल्या तीन-चार शब्दांवर भार टाकतो आणि बाकीचे गिळतो. ऑफ, टू, फॉर, अँड, हॅव ही मंडळी कागदावर ठळक दिसतात, बोलताना मात्र निम्मी विरघळतात. 'कप ऑफ टी' पटकन म्हटलं की जवळजवळ 'कपटी' होतं. आमच्या वर्गात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "काय बे, चहानं काय घोडं मारलंय?" पण तो शब्द वर्गातला एकही जण परत विसरला नाही.

शब्दावरचा भारही आपण भलत्या जागी देतो. आपण फोटोग्राफर म्हणतो, ते फटॉग्रफर म्हणतात. आपलं डेव्हलप त्यांच्या तोंडी डिव्हेलप होतं, व्हेजिटेबलचं व्हेज्टबल, कम्फर्टेबलचं कम्फ्टबल. आपला उच्चार चुकीचा, असं मला म्हणायचं नाही. आपण एकमेकांशी असंच बोलतो आणि सगळ्यांना कळतं. पण परीक्षेत तुमचा कान कम्फर्टेबलची वाट बघत बसतो आणि कम्फ्टबल समोरून निघून जातो.

तिसरी अडचण शब्दांच्या सांध्यांची. एका उताऱ्यात 'लेट रेन', म्हणजे उशिरा आलेला पाऊस, असं होतं. मी 'लेट ट्रेन' ऐकलं. दोन्ही म्हणून बघा, फरक जवळपास नाहीच. उशिराचा पाऊस आणि उशिराची गाडी, सोलापूरकराला दोन्ही सारखेच सवयीचे; त्या दिवशी कानाने गाडी निवडली. पुढच्याच वाक्यात 'हार्व्हेस्ट' आला. गाडीचा आणि सुगीचा काय संबंध, या विचारात मी थांबले आणि पुढची दोन वाक्यं हातची गेली. चूक 'ट्रेन' ऐकण्यात नव्हती. 'हार्व्हेस्ट' कानावर पडताक्षणी 'ट्रेन' सोडून 'रेन' धरायचं आणि पुढे सरकायचं, ते मी केलं नाही. शेजारच्या आजींचा एखादा शब्द निसटला तर मी थांबायचे का? नाही, वाक्याच्या शेवटावरून अंदाज बांधायचे. तेच इथे करायचं.

रोजचा अर्धा तास

इंग्रजी सिनेमे बघा, असा सल्ला सगळे देतात. मला तो फारसा पटत नाही. सबटायटल चालू ठेवून बघितलं की परत डोळेच काम करतात, बंद ठेवून बघितलं तर तासभर गोंगाट ऐकल्यासारखं होतं. नव्याला उपयोग होतो तो छोट्या तुकड्याचा, आणि त्याचा छापील उतारा हाताशी असला पाहिजे.

ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिश या साइटवर सोप्या ए-वनपासून अवघड सी-वनपर्यंत पातळीनुसार ऑडिओ आहेत, उताऱ्यासकट आणि फुकट. बीबीसी लर्निंग इंग्लिशवरही उतारे मिळतात. स्वतःला वाटते त्यापेक्षा एक पातळी खालून सुरू करा. बीए-बीएस्सी करतोय आणि ए-टू काय ऐकायचं, अशी लाज वाटून घेऊ नका. एकदा ऐकून साधारण तीन चतुर्थांश कळतं ती तुमची पातळी.

आता कृती. एक मिनिटाचा तुकडा घ्या. पहिल्यांदा नुसतं ऐका, पेन खाली ठेवून: कोण बोलतंय, कुठे, कशाबद्दल? दुसऱ्यांदा वाक्यावाक्याला थांबवत जसंच्या तसं लिहा. न कळलेल्या शब्दाच्या जागी रेघ मारा, अंदाज असेल तर देवनागरीत आवाज लिहा. तिसऱ्यांदा न थांबवता ऐका आणि रेघा भरा. मग लाल पेन घेऊन उताऱ्याशी ताडा.

खरी कमाई इथून पुढे आहे. प्रत्येक चुकीसमोर तीनपैकी एक खूण करा. शब्दच माहीत नव्हता, तर 'श'. माहीत होता पण ऐकू आला नाही, तर 'क'. ऐकू आला पण लिहिताना चुकला, तर 'ल'. माझ्या पहिल्या आठवड्याच्या वहीत ४३ चुका होत्या. त्यांतले 'श' फक्त ७, 'क' २९ आणि 'ल' ७. तोपर्यंत मी शब्दसंग्रहाची जाडजूड पुस्तकं घोकत होते, म्हणजे दुखणं पायाला आणि पट्टी डोक्याला. तुमची वही वेगळं सांगेल. ती सांगेल ते करा.

'क' असलेल्या जागा पुन्हा ऐका आणि त्या माणसाच्या मागोमाग, अर्ध्या शब्दाच्या अंतराने, तसंच बोला. गिळलेले शब्द तसेच गिळा. तोंडाला जे जमतं ते कानाला लवकर ओळखू येतं. घरात लाज वाटत असेल तर कंबर तलावाच्या काठाने चालताना करा. कानात हेडफोन घालून पुटपुटणाऱ्याकडे हल्ली कोणी वळूनही बघत नाही.

वेग कमी करून ऐकणं पहिला आठवडाभर ठीक आहे. नंतर ती कुबडी टाका. परीक्षेत कोणी तुमच्यासाठी हळू बोलणार नाही.

तीन आठवड्यांनी तुकडा मिनिटाचा पाच मिनिटांवर न्या आणि आवाजही बदला. आयईएल्ट्समध्ये ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे आणि उत्तर अमेरिकन आवाज येतात. ऑस्ट्रेलियन माणसाचा 'टुडे' पहिल्यांदा 'टु डाय'सारखा ऐकू येतो आणि दचकायला होतं. पाच-सहा वेळा ऐकलं की सवय होते. लेक्चरच्या सरावाला एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांची ऑनलाइन, व्याख्यानंही चांगली: बोलणं आपल्याकडचं, विषय कॉलेजचे, आणि लांबलचक ऐकण्याची बैठक त्यातून तयार होते.

आकडे, अक्षरं आणि स्पेलिंग

सगळ्यात स्वस्तात मिळणारे मार्क हेच, आणि सगळ्यात हलगर्जीपणाने जाणारेही हेच. फोन नंबर, तारीख, आडनाव, पत्ता. शून्याला 'ओ' म्हणतात, ४४ ला 'डबल फोर'. 'थर्टीन'मध्ये भार शेवटावर आणि 'ईन' लांब. 'थर्टी'त भार सुरुवातीला, आणि अमेरिकन माणूस ते 'थर्डी' म्हणतो. अक्षरांत 'ए', 'ई', 'आय' आणि 'जी', 'जे' यांची गल्लत होते. अमेरिकन 'झी' म्हणजे आपला 'झेड'.

यासाठी सोलापूर स्टेशनसारखा क्लास नाही. घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत होतात. इंग्रजी घोषणा ऐकून गाडीचा नंबर, प्लॅटफॉर्म आणि वेळ लिहा, मग मराठीशी ताडा. मुंबईला जाणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचा नंबर १२११६: वन टू वन वन सिक्स. सलग ऐकताना त्यातला एक 'वन' हमखास गळतो. पुण्याची हुतात्मा १२१५८, ती त्यामानाने सोपी. कोणाला पोचवायला गेलात की पंधरा मिनिटं एवढंच करा. अर्थात स्टेशनवरचा आवाज आधीच भरून ठेवलेला असतो, परीक्षेतल्या माणसासारखा अडखळत नाही. पण आकडा पहिल्या फटक्यात पकडायची सवय तिथे लागते.

घरी मित्राला दहा नावं आणि दहा नंबर इंग्रजीत एकेक अक्षर सुटं करून सांगायला लावा, एकदाच, न थांबता. आयईएल्ट्समध्ये स्पेलिंग चुकलं की उत्तर चूक, मग ऐकू बरोबर आलेलं असो. चारच्या स्पेलिंगमध्ये 'यू' असतो, चाळीसच्या स्पेलिंगमध्ये नसतो. बुधवार आणि फेब्रुवारी लिहून बघा आताच. अनेकवचनाचा शेवटचा 'एस' राहिला तरीही उत्तर जातं. आणि 'दोन शब्दांपेक्षा जास्त नको' अशी सूचना असेल तर तिसरा शब्द, कितीही बरोबर असला तरी, सगळं उत्तर घेऊन बुडतो.

सापळे

चादरीच्या दुकानातलं गिऱ्हाईक आठवा. "डबल दाखवा. निळी. नको, निळी मागच्या वेळी नेली, मरून द्या. आणि डबल नको, वन्संना पार्सलने पाठवायचीय, सिंगलच द्या. दोन. थांबा, जाऊबाई रुसतील, तीन करा." दुकानदार काय बांधतो? तीन मरून सिंगल. डबल, निळी, दोन हे सगळे शब्द त्याने ऐकलेच, पण बांधलं शेवटी ठरलेलं. परीक्षेतला संवाद अगदी याच बेताचा असतो. मंगळवार म्हणतील, मग 'ॲक्चुअली', 'ओ, सॉरी', 'नो, वेट' असं काहीतरी येईल, आणि ठरेल गुरुवार. पहिला ऐकू आलेला वार लिहून मोकळे झालात की फसलात. पेन्सिलने लिहा आणि वाक्य संपेपर्यंत कान उघडा ठेवा.

दुसरा सापळा शब्दांच्या अदलाबदलीचा. प्रश्नात 'चीप' असेल तर ऑडिओत तो शब्द बहुतेक येणार नाही. 'इट डझन्ट कॉस्ट मच' येईल. उलट पर्यायातला शब्द जसाच्या तसा ऐकू आला तर सावध व्हा, तो बऱ्याचदा गळाला लावलेला असतो.

तिसरा, हो आणि नाही. ब्रिटिश तोंडी 'कॅन' वाक्यात दबून 'कन' होतो, आणि नकार 'कान्ट' असा लांब येतो. अमेरिकन नकारातला शेवटचा 'ट' मात्र गिळला जातो. ढोबळ ओळख अशी: दबून, घाईत गेला तर होकार, ठासून आला तर बहुधा नकार. 'वॉन्ट' आणि 'वोन्ट' यांचंही बघा, एक हवंय आणि दुसरा होणार नाही.

आणि सूर. दोघे चर्चा करत असतात, एक जण म्हणतो, 'वेल... आय सपोज सो'. शब्दांत होकार आहे, पण मन नाही. मराठीत "बघू या की" म्हणणाऱ्याने नकार दिलाय हे आपल्याला बरोबर कळतं. इंग्रजीत त्याच कानाने ऐका.

लेक्चर ऐकताना

सगळं लिहायला जाऊ नका. लिहिण्यात गुंतलात की ऐकणं थांबतं. मी निम्मं देवनागरीत, निम्मं खुणांत लिहायचे: वाढलं तर वर बाण, घटलं तर खाली, 'म्हणून'ला तीन ठिपके. परीक्षकाला तुमची कच्ची वही दिसत नाही, तेव्हा ती कोणत्या भाषेत आहे याची फिकीर नको.

वळणांचे शब्द मात्र पकडा. 'हाउएव्हर' आणि 'बट' यांच्या पुढे उत्तर असण्याची शक्यता जास्त. 'फॉर एक्झाम्पल' आला की मुद्दा सांगून झालाय. 'मूव्हिंग ऑन' किंवा 'लेट्स टर्न टू' आला की तुम्हीही पुढच्या प्रश्नावर या. प्रश्न बहुतेक ऑडिओच्याच क्रमाने असतात, त्यामुळे हरवलात तरी पुढचा थांबा गाठता येतो.

परीक्षेच्या दिवशी

केंद्र परगावी असेल तर आदल्या दिवशीच जा. पहाटेची गाडी धरून, अर्धवट झोपेत, कान चालत नाही. वर्गात स्पीकर असेल तर पुढे आणि पंख्यापासून लांब बसा. जागा ठरलेली असेल आणि ऐकू येत नसेल तर आवाज तपासतात तेव्हाच हात वर करा. हेडफोनच्या एका बाजूने आवाज येत नसेल तर लगेच सांगा. परीक्षा सुरू झाल्यावर तक्रारीला अर्थ उरत नाही. मी त्या पहिल्या टेस्टला गप्प बसले होते.

प्रश्न वाचायला मिळणारा अर्धा-पाऊण मिनिट म्हणजे सोनं. तेवढ्यात दोन गोष्टी करा: प्रत्येक प्रश्नातला एक नेमका शब्द अधोरेखित करा, आणि रिकाम्या जागी काय येणार याचा अंदाज बांधा. आकडा? वार? माणसाचं नाव? काय शोधायचंय ते माहीत असलं की कान अर्धं काम आधीच करून ठेवतो.

एक प्रश्न हुकला तर कागदावर तिथे ठळक फुली मारा आणि पुढे जा. ही फुली मी किंमत मोजून शिकले. सराव परीक्षेत १४ वा प्रश्न हुकला, मी जागा मोकळी ठेवली, आणि उतरवताना १५ व्याचं उत्तर १४ व्यापुढे लिहिलं. तिथून पुढची सगळी उत्तरं एकेक घर वर सरकली. सात बरोबर उत्तरं चुकीच्या ओळीत. म्हणून उतरवताना दर पाच उत्तरांनी नंबर जुळवून बघा. मग एकदा फक्त स्पेलिंगसाठी नजर फिरवा, एकदा शेवटच्या 'एस'साठी, एकदा शब्दमर्यादेसाठी. फुल्यांच्या जागी सगळ्यात शेवटी या आणि अंदाजाने का होईना, काहीतरी लिहा. मार्क कापत नसतील तर कोरी जागा सोडण्यात शहाणपणा नाही.